अठ्ठावीस वेळा वाकावं लागतं

“शहरातल्या बाईच्या पोटाला सीटीजीचा पट्टा आणि धडगावच्या बाईच्या पोटाला लाकडी भोंगा? गरिबांना सेवाही गरीबच द्यायची का?” प्रशिक्षणाच्या वर्गात, बैठकांमध्ये, तरुण डॉक्टरांशी बोलताना हा सवाल मला हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. धडगावसारख्या डोंगरी भागातल्या आदिवासी बाईच्या वाट्याला कायम उरलंसुरलं येतं हे त्यांनी पाहिलेलं असतं, त्याची त्यांना चीड असते. ती चीड मलाही आहे. पण या सवालात एक गोष्ट न तपासता धरून चाललेली आहे : पट्टा, म्हणजे बाळाचे ठोके सतत कागदावर टिपणारं सीटीजी यंत्र, ही उत्तम सेवा, आणि ठोके कानाने ऐकायचा भोंगा किंवा हातातलं छोटं डॉपलर ही हलकी सेवा. हे खरं नाही. आणि ते खरं मानून आपण पैसे खर्च करत राहिलो, तर ज्या बाळांसाठी एवढा कळवळा आहे ती बाळं तशीच जात राहतील.

मी २३ वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते, आता एएनएमच्या मुलींना शिकवते. बाळाचे ठोके ऐकणं हे काम आहे, आणि कामाला वेळ लागतो. खेड्यातल्या बाईला कमी पडतो तो हा वेळ. यंत्राची उणीव त्यानंतरची.

आधी पोटात काय घडतं ते बघू. कळ येते तेव्हा गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं अडतं. धडधाकट बाळ तो वेळ निभावून नेतं, कळ ओसरली की त्याला पुन्हा रक्त मिळतं. पण आईचं बीपी वाढलेलं असेल, अंगात रक्त कमी असेल, वार नीट काम करत नसेल किंवा कळा वाढवायची सलाईन कुणी भरधाव सोडून दिलेली असेल, तर दोन कळांमधली उसंत बाळाला पुरत नाही. कळ गेली तरी ठोके खालीच राहतात. मिनिटाला ११० ते १६० हे नेहमीचं माप. कळेनंतर ते ९० वर आले आणि तिथेच रेंगाळले, तर ते बाळ मदत मागतं आहे. अशा वेळी सलाईन बंद करणं, बाईला डाव्या कुशीवर वळवणं, डॉक्टरांना बोलावणं, गाडी सांगणं या सगळ्याला थोडा अवधी हातात असतो. तो अवधी कधी सुरू झाला हे फक्त ऐकणाऱ्यालाच कळतं.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे २० लाख बाळं मृत जन्मतात आणि त्यातली ४० टक्क्यांहून अधिक प्रत्यक्ष बाळंतपण चालू असताना दगावतात. २०१९ साली भारतात असे मृत जन्म सुमारे ३ लाख ४० हजार होते, कुठल्याही देशापेक्षा जास्त. महाराष्ट्रात आता सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. नर्मदेकाठच्या पाड्यांवरून बोटीने, डोंगरातून बांबूच्या झोळीने, आशाताईच्या आग्रहाने बायका आमच्या दारापर्यंत येतात. दारात आल्यावर बहुतेकींच्या बाळाचे ठोके चालू असतात. त्यानंतर जे होतं त्याची जबाबदारी आमची.

आता त्या पट्ट्याकडे वळू. सीटीजी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं आणि त्याचा उपयोग नीट तपासून होण्याआधीच श्रीमंत देशांतल्या लेबर रूममध्ये पसरलं. तपासणी नंतर झाली. त्यातली सर्वांत मोठी डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमधली, १९८५ साली प्रसिद्ध झालेली. सुमारे १३,००० बायका चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या. एका गटाला सतत यंत्र, दुसऱ्या गटाचे ठोके परिचारिकेने ठरावीक वेळाने कानाने ऐकायचे. दोन्ही गटांत दगावलेल्या बाळांची संख्या सारखीच निघाली. यंत्राच्या गटात जन्मानंतर झटके येणारी बाळं कमी होती, हा यंत्राचा खरा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण ही मुलं चार वर्षांची झाल्यावर पाहिलं, तेव्हा सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं. पुढे १३ अभ्यासांतल्या ३७,००० हून अधिक बायकांची माहिती एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला. निष्कर्ष तोच. झटके निम्म्यावर येतात, मृत्यू कमी होत नाहीत आणि सिझरचं प्रमाण मात्र स्पष्ट वाढतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितलं की तब्येत चांगली असलेल्या, आपोआप कळा सुरू झालेल्या बाईला सतत सीटीजी लावू नये. डॉपलरने किंवा भोंग्याने ठरल्या वेळी ठोके ऐकावेत. ही शिफारस साऱ्या जगासाठी आहे. लंडनच्या बाईसाठी जी, तीच डोंगरातल्या मोलगीच्या बाईसाठी.

डब्लिनच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र हा आकडा सांगणारेही विसरतात. त्या दवाखान्याची पद्धतच अशी होती की कळा सुरू झालेल्या प्रत्येक बाईजवळ एक परिचारिका बसलेली असे. यंत्राशी बरोबरी केली ती अशा माणसाच्या कानाने. तीन बायकांमागे धावणाऱ्या, मध्येच ओपीडीत बोलावल्या जाणाऱ्या सिस्टरचा कान त्या अभ्यासात नव्हता. त्यामुळे “कान पुरतो, मग आणखी काही द्यायला नको” असा अर्थ कुणी काढत असेल, तर त्यालाही माझा तितकाच विरोध आहे.

सिझर वाढतात याचं शहरात कुणाला फारसं काही वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. खासगीतल्या या आकड्याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष मी यंत्रावर टाकणार नाही. पण डोंगरातल्या बाईचा विचार करा. कागदावरच्या संशयास्पद रेघेमुळे तिचं गरज नसताना पहिलं सिझर झालं. आता तिच्या गर्भाशयावर व्रण आहे. पुढच्या प्रत्येक बाळंतपणात तो फाटण्याची भीती, म्हणजे पुढचं प्रत्येक बाळंतपण ऑपरेशन थिएटर, रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ असतील तिथेच व्हायला हवं. दोन वर्षांनी भर पावसाळ्यात, रस्ता वाहून गेलेला असताना तिला कळा सुरू होतील. पुण्यातल्या बाईला एका अनावश्यक सिझरचा त्रास होतो. या बाईला पुढच्या खेपेला जीव गमवावा लागू शकतो. समतेचा विचार करणाऱ्यांनी हेही मोजलं पाहिजे.

यावर मला उत्तर मिळतं : “पण तुमच्या सिस्टरांना वेळच नसतो ना? मग यंत्र त्यांचं काम हलकं करील. शिवाय कागदावर पुरावा राहील.” हा युक्तिवाद समतेच्या युक्तिवादापेक्षा जास्त भुलवणारा आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबते. सीटीजीचा कागद मिनिटाला एक सेंटीमीटर या चालीने बाहेर येतो आणि तो कुणीतरी वाचावा लागतो. वाचणं सोपं नाही. एकाच कागदावर दोन अनुभवी डॉक्टरांचं एकमत होत नाही हे नेहमीचं आहे. पट्टा सरकला की बाळाचे ठोके सुटतात, कधी आईचीच नाडी बाळाची म्हणून उमटते. पट्टा सरकू नये म्हणून बाईला उताणं झोपवून ठेवतात, आणि उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून बाळाकडे जाणारं रक्तच कमी होतं. यंत्राचा गजर वाजला तरी धावत यायला माणूसच लागतं. जिथे माणूस नाही तिथे यंत्र बाळाचा मृत्यू फक्त नोंदवून ठेवील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली ही.

आणि पुराव्याचं म्हणाल, तर आमचा कागदी पुरावा कसा असतो ते मी जवळून पाहिलं आहे. एका दवाखान्यात मुलींना घेऊन गेले होते. आदल्या रात्री एका पहिलटकरणीचं बाळ मृत जन्मलं होतं. कातडी सोललेली नव्हती, रंग बाळाचाच होता. म्हणजे ते काही तासांपूर्वीपर्यंत जिवंत होतं. मी तिचा केसपेपर मागितला. ठोक्यांच्या रकान्यात रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत दर अर्ध्या तासाला एक नोंद होती : १४०, १४२, १४०, १४०, १४२, १४०, असंच शेवटपर्यंत. एकच पेन, एकच तिरकं अक्षर, कुठे खाडाखोड नाही. मुलींनी विचारलं, “मॅडम, ठोके तर छान होते, मग?” मी त्यांना काही बोलले नाही. त्या रात्री ड्यूटीवर एकच सिस्टर होती. तिच्याकडे तीन बायका होत्या, एकीला रक्तस्राव होत होता, आणि त्यातच बाहेर एक विंचू चावलेलं पोर आलं होतं. सकाळी सहा वाजता तिने तो रकाना एका बैठकीत भरला. खोटं लिहिलं, हे खरं. पण बारा तासांच्या रात्रीत तिघींचे ठोके ऐकायला एकच बाई ठेवली कुणी? त्या केसपेपरवर सही तिची होती, आणि चौकशीही तिचीच झाली.

आता, स्वस्त साधन म्हणून कुठलंही साधन चालेल असंही मी म्हणणार नाही. आदोल्फ पिनार या फ्रेंच डॉक्टरने १९ व्या शतकाच्या अखेरीस आणलेला भोंगा मी वर्षानुवर्षं वापरला. त्याला सेल लागत नाहीत, तो बिघडत नाही. पण कळ चालू असताना तो पोटावर दाबला की बाईला दुखतं, बाई उकिडवी बसली किंवा कुशीवर वळली की ऐकू येत नाही, आणि शेजारच्या टेबलावर कुणी ओरडत असेल तर काहीच कळत नाही. १९९४ साली हरारेत भोंगा, डॉपलर आणि सीटीजी यांची तुलना झाली, तेव्हा डॉपलरने भोंग्यापेक्षा कितीतरी जास्त बिघाड पकडले. युगांडात मात्र नंतरच्या एका अभ्यासात डॉपलरने बिघाड जास्त पकडले, तरी मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. पकडल्यानंतर पुढे काय करायचं याची सोय नसेल तर पकडून बाळ वाचणार कसं? तरीही मी डॉपलरच मागते. ते काही हजार रुपयांत मिळतं, सीटीजी त्याच्या कित्येक पट महाग. दक्षिण आफ्रिकेत तर हाताने चावी फिरवून चालणारं डॉपलर बनवलं गेलं, वीज नसलेल्या दवाखान्यांसाठी.

मुलींना मी पहिल्या दिवशी डॉपलर हातात देत नाही. आधी पोट चाचपून बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते शोधायला लावते, कारण ठोके पाठीवरून स्पष्ट येतात. मग उजव्या हातात डॉपलर, आणि डाव्या हाताची बोटं आईच्या मनगटावर. कळा देताना आईची नाडी १२० पर्यंत जाऊ शकते. बाळ गेलेलं असताना आईचीच नाडी ऐकून “ठोके आहेत” असं सांगितल्याची उदाहरणं या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहेत. कळ ओसरायला लागली की ऐकायला सुरुवात करायची आणि सेकंदकाटा बघत पुरं एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. ठोके मध्येच मंदावून पुन्हा चढतात ते त्या गुणाकारात हरवून जातं. आणि आवाज आईलाही ऐकू द्यायचा. घोड्याच्या टापांसारखा तो आवाज ऐकून वेदनेने कावलेली बाई क्षणभर गप्प होते, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

एवढं शिकून मुली नोकरीला लागतात आणि डॉपलर कपाटात कुलपात सापडतं. कारण ते डेड स्टॉक रजिस्टरला चढलेलं असतं, आणि फुटलं तर भरपाई कुणाच्या पगारातून होईल ही धास्ती असते. कधी सेल संपलेले, कधी जेली संपलेली. दवाखान्याला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या अबंधित निधीतून दोन सेल आणायला कुणाची मंजुरी लागावी? साधन स्वस्त असणं पुरत नाही, ते बाईच्या उशाशी असावं लागतं.

दुसऱ्या टोकाला वेगळेच लोक उभे आहेत. त्यांचं म्हणणं, प्रत्येक आशाताईला मोबाइलला जोडलेलं ठोक्यांचं यंत्र द्या, आलेख थेट जिल्ह्याच्या डॉक्टरांना जाईल, प्रश्न सुटला. समतावाल्यांशी यांचं पटत नाही, पण चूक दोघांची एकच आहे : दोघेही वस्तू मोजतात, माणसाचा वेळ मोजत नाहीत. सातव्या-आठव्या महिन्यात घरी जाऊन ठोके ऐकले तर एवढंच कळतं की बाळ आज, आत्ता जिवंत आहे. उद्याची हमी त्यात नाही. गरोदरपणात सीटीजी केल्याने बाळं वाचतात याचाही स्पष्ट पुरावा आढाव्यांत सापडलेला नाही. त्या काळात बाळाची खबर देणारी साधनं याहून स्वस्त आहेत : बीपीचं मशीन, हिमोग्लोबिनची तपासणी आणि कापडी टेप. विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाची उंची साधारण जितके आठवडे तितके सेंटीमीटर भरते. दोन भेटींत ती वाढली नाही तर बाळ वाढत नाही असा संशय घ्यायचा आणि बाईला पुढे पाठवायचं. आणि “आज बाळ फिरकलंच नाही” असं बाई म्हणाली तर तिला “उगाच घाबरू नका” म्हणून घरी धाडायचं नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण घरोघरी ती विचारली जाते. ठोके जलद म्हणजे मुलगी, हा समज खोटा आहे. डॉपलर चित्र दाखवत नाही आणि ठोक्यांच्या गतीवरून मुलगा की मुलगी हे कळत नाही. सगळ्या देशाच्या आधी, १९८८ साली, गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणाऱ्या या राज्यात २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. सिस्टरने ठोके मोजले की सासू तोंडाकडे बघते. त्या नजरेला ठाम उत्तर देणं हाही आमच्या कामाचा भाग आहे.

आता वेळेचा हिशेब. कळा पक्क्या सुरू झाल्यापासून गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत आठ तास धरा. दर अर्ध्या तासाला एकदा, म्हणजे १६ वेळा. पुढे बाई जोर करते तो एक तास, दर पाच मिनिटांनी एकदा, म्हणजे १२ वेळा. एका बाईसाठी २८ वेळा वाकायचं, प्रत्येक वेळी किमान पुरं एक मिनिट. तीन बायका असतील तर ८४. आणि हे वाटून येत नाही. एक बाई जोर करत असताना सिस्टर तिच्यापासून हलूच शकत नाही, तेव्हा बाकी दोघींचं कोण ऐकणार? हा हिशेब मी पाटीवर मांडला की मुली आधी हसतात आणि मग गप्प होतात.

म्हणून समतेची मागणी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे, मागणी बदला. जिथे बाळंतपणं होतात अशा प्रत्येक केंद्रात रात्रीच्या पाळीला दुसरी सिस्टर मागा. केंद्र सरकारने २०१८ साली मिडवाइफरीची योजना जाहीर केली, १८ महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं. त्या शिकलेल्या सिस्टर डोंगरी तालुक्यांत आधी पाठवा असं मागा. बाईजवळ तिची आई किंवा बहीण बसू द्या. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात याला परवानगी आहे, तरी कितीतरी लेबर रूमच्या दारावर नातेवाइकांना अडवलंच जातं. जवळ बसलेली बाई घड्याळाकडे बघून “सिस्टर, अर्धा तास झाला” एवढं म्हणू शकते. आदिवासी भागातल्या माहेरघरात दिवस भरायच्या आधी येऊन राहिलेली बाई झोळीतून अर्धमेली येत नाही. त्या माहेरघरात जेवण आणि राखण नीट आहे का ते बघा. सीटीजी जरूर घ्या, पण जिथे सिझर होतं त्या उपजिल्हा रुग्णालयात, बीपी वाढलेल्या, कळांची सलाईन चालू असलेल्या, पोटातल्या पाण्यात बाळाने शी केलेल्या बायकांसाठी, आणि तो कागद वाचणारा डॉक्टर रात्रीही हजर असेल तर. आणि प्रत्येक ताज्या मृत जन्मानंतर त्या रात्री पाळीवर किती सिस्टर होत्या हे केसपेपरवर लिहिणं सक्तीचं करा.

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीने केसपेपरचा फोटो पाठवला. त्या रात्री तिच्याकडे एकच बाई होती. रकान्यात लिहिलं होतं : १३६, १४८, १४०, १३२, १२८. मग १०४, तो खोडून ९६, पुढे ‘कळेनंतर’ आणि दोन वाजून दहा मिनिटं. सलाईन बंद, डावी कूस, पुन्हा ऐकलं, ११८. डॉक्टरांना फोन, गाडी. तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्यावर सिझर झालं, बाळाच्या मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते. कागदावर जेलीचा डाग पडला होता आणि निम्मे आकडे वाकडे होते. तो कागद आता मी वर्गात दाखवते.